नाताळ घराघरांत राहू द्या : आमच्या पास्टरेट कमिटीस खुले पत्र

माननीय पाळकसाहेब आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या सर्व सभासदांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मागच्या रविवारी उपासनेनंतर सूचना वाचल्या गेल्या, त्यात यंदाच्या नाताळचा कार्यक्रम होता. घरोघरी जाऊन कॅरोल गाण्याची प्रथा यंदापासून बंद. तिच्याऐवजी २३ डिसेंबरला मैदानावर भाड्याचा बँड, एलईडी पडदा आणि नाचगाण्यांच्या स्पर्धा असलेली ‘ख्रिसमस नाईट’. तिच्या तालमी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी. २४च्या रात्री नाटिका, २५ला उपासनेनंतर मैदानी खेळ आणि संध्याकाळी प्रीतिभोजन, २६ला स्पर्धांच्या उरलेल्या फेऱ्या आणि बक्षीस समारंभ. तरुण संघाच्या सर्व सभासदांची आणि कार्यकर्त्यांची हजेरी सक्तीची.

हे सगळं ठरण्याआधी तरुण संघात काम करणाऱ्या आम्हा कोणालाही एका शब्दाने विचारलं गेलं नाही. मी रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं की ठरलेलं आता बदलणार नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. नगर जिल्ह्यातल्या आणि पुण्या-नाशकाकडच्या चर्च-मंडळ्यांमधले कार्यकर्ते शिबिरांत भेटतात तेव्हा हीच व्यथा सांगतात. त्यामुळे हे पत्र आपल्या नावाने असलं तरी इतर मंडळ्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी याच मंडळीत वाढले. रविवारची शब्बाथ शाळा इथंच शिकले, लग्न इथंच लागलं, माझ्या दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे इथंच झाले. बऱ्याच वर्षांपासून तरुण संघाचं काम बघते. मुलंमुली मला ताई म्हणतात. परीक्षा, नोकरी, घरातली भांडणं, प्रेमप्रकरणं, कधी कधी व्यसनंसुद्धा, सगळं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बोलतात. ही सेवा देवाने मला दिली आहे असं मी मानते. अर्ज वाचल्यावर एका सभासदांनी ‘काम जड होत असेल तर दुसऱ्या कोणाला देऊ’ असा निरोप पाठवला, म्हणून हे स्पष्ट सांगते. काम जड झालेलं नाही. पण तरुणांमधलं काम घरांच्या आधाराने चालतं, आणि या कार्यक्रमाने तो आधारच काढून घेतला जातो आहे.

कॅरोलपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमची पोरं ढोलकी, टाळ, खंजिरी आणि एखादी गिटार घेऊन निघतात. आधी मिशन कंपाउंड, मग सोसायट्या, मग रेल्वे लाइनीपलीकडची वस्ती, आणि एक दिवस आसपासच्या खेड्यांतली ख्रिस्ती घरं. दारावर चांदणी, पायरीवर चपलांचा ढीग, आत उभं राहायला जागा नाही. दोन गीतं, एक शास्त्रपाठ, घरातल्या आजाऱ्यासाठी प्रार्थना, मग चहा आणि ताटलीत शंकरपाळी-चकली. एवढ्या थोड्या वेळात आमच्या तरुणांना जे कळतं ते मी वर्षभराच्या सभांत शिकवू शकत नाही. कोणाच्या दारावर यंदा चांदणी नाही आणि का नाही, ते कळतं. कोणाच्या घरात दुखणं आहे, कोणाचा मुलगा परगावी गेला तो परत फिरकलाच नाही, कोणत्या घरात नवरा-बायको बोलत नाहीत, हे त्या दारात उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या दुःखासाठी मोठ्याने प्रार्थना करायला पहिल्यांदा शिकतो तो अशाच एखाद्या खोलीत.

गेल्या वर्षी एका आजींकडे गेलो होतो. पत्र्याची एक खोली, आजी एकट्या, गुडघ्यांमुळे चर्चला येणं बंद झालेलं. पोरांनी मोबाइलवर शब्द बघून नेहमीचं गीत म्हटलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे झालं बाळांनो, आता आमच्या वेळचं म्हणा.” कोणालाच येत नव्हतं. मग त्यांनीच सूर धरला. आवाज कापरा, पण अभंगाची चाल पक्की. ढोलकीवाल्या मुलाला मध्येच थांबवून म्हणाल्या, “घाई करू नको, ओळ संपू दे,” आणि बोटांनी खाटेच्या दांडीवर ठेका धरून दाखवला. त्या घरात आम्ही ठरल्यापेक्षा खूप जास्त वेळ थांबलो. त्यानंतरच्या प्रत्येक घरात पोरांनी तेच पद म्हटलं. आजी या उन्हाळ्यात प्रभूकडे गेल्या. ते पद आता त्या पोरांना येतं, आणि ते एलईडी पडद्यावरून त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं.

आपल्या नगरच्या मातीत ही गायकी कुठून आली हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये इथं काम सुरू केलं. पुढे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, ओवी आणि पदांच्या चालींत ख्रिस्तभक्ती गायली. ही गीतं छापलेल्या पुस्तकात शब्दांपुरती असतात. चाल, ठेका, कुठे थांबायचं, कुठली ओळ दोनदा घ्यायची, हे माणसांकडून माणसांकडे जातं. आपल्या मंडळीत ते ज्यांना येतं ती माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत आणि थंडीत रात्री मैदानावर येऊन बसू शकत नाहीत. कॅरोल बंद म्हणजे त्यांच्याकडे तरुणांनी जायचं उरलेलं एकमेव निमित्त बंद.

दुसरी तक्रार २५ आणि २६ तारखेची आहे.

आपली अर्धी तरुण पोरं आता इथं राहत नाहीत. चाकण, रांजणगाव, हिंजवडी, कोणी मुंबईत. कंपनी नाताळची एक सुट्टी देते, फार तर जोडून एखादी रजा मिळते. मुलगा २४च्या संध्याकाळी एसटीने येतो आणि २६ला परततो. त्या मधल्या वेळेतून चर्चचा कार्यक्रम वजा केला तर आईबापांच्या वाट्याला त्याची झोप तेवढी उरते. मागच्या नाताळला एक वडील मला म्हणाले, “ताई, पोरगं घरी आलं, पण आम्ही त्याला चर्चमध्येच पाहिलं.” त्यांनी तक्रार केली नव्हती, सहज बोलले होते. मला मात्र ते वाक्य वर्षभर विसरता आलेलं नाही.

आपल्या मंडळीत नर्सिंग करणाऱ्या बायका किती आहेत हे पाळकसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रुग्णालयाला नाताळची सुट्टी नसते. आमच्या संघातल्या एका मुलीची आई दरवर्षी २४ किंवा २५ला ड्यूटीवर असते. त्यांच्या घरचा नाताळ २६ला असतो. त्या दिवशी दुपारी आई उठते, मग मटण, पुऱ्या, आणि सगळे मिळून देवघरच्या कोनाड्यासारखं जे छोटं टेबल त्यांनी बायबलसाठी ठेवलंय त्याच्यापुढे बसून प्रार्थना. यंदा २६ला त्या मुलीची हजेरी सक्तीची केली आहे. नाही आली तर तिचा गट बाद. हा नियम कोणी विचार करून केला असेल असं मला वाटत नाही, पण केला आहे, आणि तिच्या आईला तो मलाच सांगावा लागणार आहे.

तिसरी गोष्ट रोजच्या तालमींची. नाताळच्या आधीचे दोन आठवडे आपल्या घरांत फराळाचे असतात. आमच्या सासूबाई त्यासाठी गावाहून येतात. रात्री जेवणं झाली की परात मधे घेऊन सगळे बसतात. एक जण पुऱ्या लाटतो, एक सारण भरतो, सासूबाई कातण्याने करंजीची कड कापतात, आणि कापता कापता बोलतात. आमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, त्यानंतर गावच्या विहिरीवर काय घडलं, पाणी किती लांबून आणावं लागलं, तरी पणजीने चर्चला जाणं कसं सोडलं नाही. माझ्या मुलीने हे दुसरीकडे कुठेही ऐकलेलं नाही. शब्बाथ शाळेच्या पुस्तकात ते नाही आणि माझ्या शिकवण्यातही ते तसं येत नाही, कारण मी सांगते तेव्हा ती गोष्ट असते आणि आजी सांगते तेव्हा ते तिच्या आईच्या आईचं आयुष्य असतं. मग तयार झालेली ताटं शेजारी जातात. ज्यांनी दिवाळीचा फराळ पाठवला त्यांच्याकडे आणि ज्यांच्याकडून ईदचा शिरखुर्मा आला त्यांच्याकडेही. ही ताटं मुलांनीच न्यायची असा आमच्याकडे नियम आहे. शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ‘आमचा नाताळ आहे, हे आईने पाठवलंय’ एवढं म्हणायला शिकणं, ही माझ्या मते तरुणांची पहिली साक्ष.

सगळीकडे असंच काही ना काही आहे. वसईत पोरं गल्लीगल्लीत येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारतात, गोव्यात शेजारीपाजारी नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुलांची ताटं फिरतात. सण घरातून निघतो आणि मग चर्चमध्ये येतो.

आणि शास्त्रही हेच सांगतं. वल्हांडण म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेचा सण; त्याची आज्ञा बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे ती घराण्यासाठी आहे. एका घराला एक कोकरू, आणि घर लहान असेल तर शेजारच्या घराबरोबर वाटून घ्यायचं. मुलं ‘हे कशासाठी करता’ असं विचारतील, तेव्हा आईबापांनी उत्तर द्यायचं. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांना कुठे शिकवायची ते सांगितलंय : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दुसऱ्या पत्रात लिहितो तेव्हा त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता याची आठवण देतो. एवढा मोठा प्रेषित, पण तरुण सेवकाच्या विश्वासाचं श्रेय तो स्वतःच्या कामाला देत नाही. दरवर्षी वार्षिक सभेत आपण विचारता की तरुण मंडळीत टिकत का नाहीत. माझ्या अनुभवाचं उत्तर असं आहे की ज्यांच्या घरात संध्याकाळची प्रार्थना होते आणि सण होतो, ती मुलं भटकली तरी परत येतात. ज्यांचा विश्वास फक्त कार्यक्रमांवर उभा राहिला, ती कार्यक्रम संपले की जातात. संघातून गेलेली मुलं मी एकेक करून आठवते तेव्हा हेच दिसतं.

कमिटीने दिलेली कारणं मी नीट वाचली आहेत. टेम्पोत दाटीवाटीने उभं राहून पोरं रात्री फिरतात, अपघात होऊ शकतो. हे खरं आहे आणि त्यावर माझं दुमत नाही. टेम्पो बंद करा. वस्तीनुसार लहान गट करू, पायी जाऊ, प्रत्येक गटाबरोबर एक वडीलधारा माणूस असेल. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणता, तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच मनाई आहे आणि आम्हाला ध्वनिक्षेपक लागतच नाही. नऊपर्यंत शेवटचं घर आटपू. तिसरं कारण पाकिटांचं : कॅरोलमध्ये जमणारा पैसा कमी झाला आहे, ख्रिसमस नाईटला प्रायोजक मिळतील. याबद्दल मला वाईट वाटलं ते सांगते. मागच्या काही वर्षांत घरांची यादी कोणत्या घरातून किती येतं यावरून लागू लागली होती. ज्या घरातून पाकीट येणार नाही ते घर ‘वेळ उरला तर’ या यादीत जात होतं. पत्र्याच्या खोलीतल्या त्या आजी त्याच यादीत होत्या. कॅरोल हा निधी जमवायचा मार्ग नाही. पाकीटच नको असं ठरवलं तर सगळी घरं एका यादीत येतील.

तरुणांना मोठा कार्यक्रम हवा असतो, असंही म्हटलं गेलं. हवा असतो, आणि तो व्हावा. त्याची जागा कुठे, एवढाच प्रश्न आहे. मंडळीच्या पंचांगात २५ डिसेंबरच्या आधी आगमनकाळ असतो, तयारीचा आणि प्रार्थनेचा. नाताळचा काळ २५ला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. आपण उलटं करून ठेवलं आहे. आगमनाचे चारही आठवडे दमवून टाकणाऱ्या तालमी आणि स्पर्धा, आणि खरा सण सुरू होतो तेव्हा माणसं थकून झोपलेली. जानेवारीचा पहिला रविवार आणि त्याच्या आसपासचे दिवस मोकळे पडलेले असतात. ख्रिसमस नाईट तेव्हा घ्या. बाळ येशूला भेटायला पूर्वेहून आलेल्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांचा सण आहे तो, तरुणांनी नाटिका बसवायला त्याहून चांगला विषय नाही.

कार्यकर्त्यांबद्दल थोडंच लिहिते. आम्हा दोघा-तिघांचं मानधन कित्येक महिने थकतं. विचारलं तर ही सेवा आहे असं उत्तर मिळतं. सेवा आहेच, पण आमचीही घरं आहेत आणि त्यांतही म्हातारी माणसं नाताळला वाट बघतात. उपासना झाल्यावर गावी जाऊन सासूबाईंच्या पाया पडायचं, दिरांच्या मुलांना खाऊ द्यायचा, सासऱ्यांच्या कबरीवर फुलं ठेवायची, हा आमच्या घरचा नाताळ. या कामात आल्यापासून मी तो बहुतेक वर्षी अंधार पडल्यावर केला आहे किंवा केलेला नाही. ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, असं पौल अध्यक्षाबद्दल विचारतो. मग आम्हाला घर सांभाळायला वेळ मिळेल हे पाहणं मंडळीचं काम नाही का?

आमच्या मागण्या या.

घरोघरची कॅरोल यंदाही व्हावी, पायी, लहान गटांत, पाकिटाशिवाय. यादीची सुरुवात एकटे, आजारी आणि यंदा ज्यांच्या घरी मृत्यू झाला त्यांच्या घरांपासून व्हावी.

२५ डिसेंबरची उपासना संपल्यापासून २६ डिसेंबरची रात्र होईपर्यंत मंडळीचा कोणताही कार्यक्रम ठेवू नये. प्रीतिभोजन ३१च्या रात्री वर्षअखेरच्या उपासनेला जोडून घ्यावं, तेव्हा आपण एकत्र असतोच. ज्यांना घर नाही, किंवा ज्यांच्या घरी कोणी उरलं नाही, त्यांना २५ला जेवायला कोण नेणार याची यादी मी स्वतः करीन. आतापर्यंत सात-आठ घरांनी ‘आमच्याकडे पाठवा’ असं सांगितलं आहे.

ख्रिसमस नाईट जानेवारीत घ्यावी, आणि हजेरीची सक्ती व गट बाद करण्याचा नियम रद्द करावा. तालमी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नसाव्यात.

थकलेलं मानधन नाताळआधी द्यावं.

आणि यापुढे तरुण संघाचा कार्यक्रम ठरेल तेव्हा कार्यकर्ते आणि तरुणांचे दोन प्रतिनिधी बैठकीत असावेत. आपली मंडळी मूळची काँग्रिगेशनल परंपरेतली. सभासदांनी एकत्र बसून मंडळीचा कारभार ठरवायचा ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. १९७०मध्ये नागपूरला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा ही रीत मागे ठेवून आपण त्यात गेलो नव्हतो.

आगमनकाळाचा पहिला रविवार येण्याआधी मंडळीची विशेष सभा बोलवावी, आणि हा विषय तिथं सर्वांपुढे ठेवावा, ही विनंती. सभेत जे ठरेल ते मी मान्य करीन, माझ्या मनाविरुद्ध ठरलं तरी. आजी-आजोबांना सभेला आणायची व्यवस्था तरुण संघ करेल, रिक्षांचं आमच्यात बोलणं झालं आहे. तालमींचं जे वेळापत्रक मला वाटायला दिलं आहे ते मी अजून मुलांना दिलेलं नाही. सभा होईपर्यंत देणार नाही.

ख्रिस्तात आपली,
तरुण संघाची एक कार्यकर्ती